एनॉस ऑल्डरसनचे दोन आवाज

फोन वाजला तेव्हा सग्डन मास्तर दाढी करत होते. साबण लागलेल्या गालालाच त्यांनी रिसीव्हर लावला आणि "हॅलो" म्हटलं.

"मास्तर, आधी कवळी बसवा, मग बोला," पलीकडून मिसेस हॉर्सफॉल म्हणाल्या. "मी थांबते."

मास्तरांनी निमूटपणे पेल्यातली कवळी उचलून तोंडात बसवली. या बाईंपुढे काही लपत नसे. वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. नवरा गेल्यावर तिने खासगी चौकशीची कामं घ्यायला सुरुवात केली, आणि निवृत्तीनंतर काय करावं या विवंचनेत असलेले सग्डन मास्तर तिची गाडी चालवू लागले. टिपणं घेणंही त्यांच्याकडेच होतं. अक्षर सुरेख होतं त्यांचं.

"विद्यापीठातून बोलावणं आलंय. बोलीभाषा विभाग."

"बोलींचाही विभाग असतो?" मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं मी पोरांच्या तोंडातून ती छडीनं काढत होतो."

"म्हणूनच नेतेय तुम्हाला. समोरच्या पक्षाचा एक माणूस बरोबर असलेला बरा. दहाला गाडी आणा."

१९५६ चा डिसेंबर होता. प्रोफेसर क्रॉसलींच्या खोलीत कोळशाची शेगडी धुमसत होती. मागच्या भिंतीवर इंग्लंडचा भलामोठा नकाशा होता आणि त्यात शेकडो टाचण्या टोचलेल्या. एक टाचणी म्हणजे एक खेडं.

"प्रत्येक खेड्यात आमचा माणूस जातो," प्रोफेसर सांगू लागले. उंच, वाकलेला, थकलेला माणूस. "तिथला जुना माणूस शोधतो आणि हजारावर प्रश्न विचारतो. गाईच्या आचळाला काय म्हणता, चुलीच्या राखेला काय म्हणता. उत्तर जसं कानावर पडेल तसं ध्वनिलिपीत उतरवायचं. ही म्हातारी माणसं गेली की ते शब्दही गेले. आमची धावाधाव काळाशी आहे."

"माणूस निवडता कसा?"

"साठीच्या वरचा हवा. त्याच गावचा, आईबापही तिथलेच. गाव सोडून कधी राहिलेला नको. ऐकू येतं का, दात शाबूत आहेत का, डोकं ठिकाणावर आहे का, हे सगळं पहिल्या पानावर लिहावं लागतं. आणि एक नियम मोडायचा नाही म्हणजे नाही. आपण शब्द उच्चारायचा नाही. ‘याला तुम्ही अमुक म्हणता का’ असं विचारलं की म्हातारा सौजन्यानं हो म्हणून मोकळा. नुसतं वर्णन करायचं, नाहीतर वस्तूकडे बोट दाखवायचं."

त्यांनी एक जाड वही पुढे सरकवली. ‘हॅगथ्वेट. एनॉस ऑल्डरसन, वय ८१. मेंढपाळ. श्रवण चांगलं. दात उत्तम.’ खाली सही होती: नोरा ब्रेथवेट.

"एनॉस वीस नोव्हेंबरला वारला, छातीत सर्दी होऊन. मी सांत्वनाचं पत्र पाठवलं. ‘तेरा नोव्हेंबरचा दिवस त्यांनी आम्हाला दिला, आम्ही ऋणी आहोत,’ असं लिहिलं त्यात. त्याला हे उत्तर आलं."

मिसेस हॉर्सफॉलनी पत्र वाचलं. मजकूर दोन ओळींचा होता: ती बाई ऑक्टोबरमध्ये एकदा अर्धा तास आली होती. नोव्हेंबरमध्ये कुणीही आलं नाही. मी माझ्या वडिलांना एक दिवसही एकटं सोडलेलं नाही. खाली मुलीची सही होती, डोर्कस ऑल्डरसन.

"वहीत मात्र तेरा तारखेची चाळीस पानं आहेत," प्रोफेसर म्हणाले. "ती घरी बसून लिहिली असतील तर मिस ब्रेथवेटनी केलेली चौदाही गावं मला रद्द करावी लागतील. पाच वर्षांचं काम. आणि तिला नोकरीवरून काढावं लागेल. मग कुठलंही विद्यापीठ तिला दारात उभं करणार नाही. शुक्रवारी निर्णय आहे."

"तुमचं मन काय सांगतं?"

"मन सांगतं की ती खोटं लिहिणार नाही. पण फेनविक मला वह्या दाखवतो, आणि मला बोलता येत नाही."

गिल्बर्ट फेनविक शेजारच्या खोलीत होता. तिशीतला, तरतरीत, टाय अगदी सरळ. मिस ब्रेथवेट गेली तर तिचा मुलूख त्याच्याकडे येणार, ही गोष्ट त्याने स्वतःहूनच सांगून टाकली.

"तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगितलं," तो म्हणाला. "पण हे बघा. ऑक्टोबरची पानं. म्हाताऱ्याचा ‘स’ कसा स्वच्छ आहे! आता तेरा नोव्हेंबरची. प्रत्येक ‘स’खाली ही शेपटी. म्हणजे आवाज सैल, शिट्टीसारखा निसटलेला. खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून काढायचा आवाज इथे दोन्ही ओठांनी काढलाय. एकाच माणसाला महिन्याभरात दोन तोंडं कशी येतील?"

"नसतीलच येत?"

"बाई, उच्चार एक्याऐंशी वर्षं मुरलेला असतो. तो कोटासारखा बदलता येत नाही. हे टेबलाशी बसून रचलंय. ऐकून लिहिल्यासारखं वाटावं म्हणून तिने उगाच वेगळेपणा घातला आणि स्वतःच अडकली."

"इतकी चांगली कर्मचारी इतकी बावळट चूक करेल?"

फेनविक थोडा घुटमळला. "तेच मला कळत नाही," तो म्हणाला. "कान तिचा माझ्याहून चांगला आहे. हे लिहून घेऊ नका."

मास्तरांनी ते लिहून घेतलं.

"आणि ही शेवटची वीस पानं पेन्सिलीनं का?" बाईंनी विचारलं. "बाकी सगळी शाईत आहेत."

"नियम शाईचाच आहे. घाई झाली असेल. पानांवर हे सुकलेले गोल डागही आहेत बघा. चहा सांडला असेल."

बाईंनी पान नाकाशी नेलं. "चहाचा डाग पिवळा पडतो," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या पानांवर काय काय विचारलंय ते पाहू लागल्या. बैलगाडीची दांडी. चाकाचा आस. गव्हाणीची फळी. मेंढीची लोकर कातरायचं बाकडं. एका ओळीवर मास्तरांची नजर अडली. दगडी भिंतीत ससे आणि पाणी जाण्यापुरतं ठेवलेलं भोक. पुढे एनॉसचं उत्तर होतं. मास्तरांनी ते मनात वाचलं आणि पान उलटलं. ह्याच शब्दासाठी त्यांनी एका मुलाला सहा छड्या मारल्या होत्या. तो मुलगा रडला नव्हता, नुसता बघत राहिला होता.

नोरा ब्रेथवेट चाळिशीची, उन्हावाऱ्यात रापलेली बाई होती. हातमोजे मुठीत घट्ट धरून ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"मी गेले होते," ती म्हणाली. "बुधवारी येते असं कळवलं होतं. आधीच्या गावातलं काम लवकर उरकलं म्हणून मंगळवारीच गेले, तेरा तारखेला."

"घरी कोण होतं?"

"एनॉस."

"मुलगी?"

"मी एनॉसशी बोलत होते."

"किती वेळ?"

"अंधार पडेपर्यंत."

"कुठे बसला होतात?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. "त्यांच्या घरी."

"मिस ब्रेथवेट, नोकरी तुमची जातेय, माझी नाही. त्या दिवसाची एखादी खूण सांगा. त्यांनी काय घातलं होतं, चुलीवर काय शिजत होतं. काहीही."

"मी गेले होते. वहीत जे आहे ते मी कानांनी ऐकलंय. त्यापलीकडे मला काही सांगायचं नाही."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "खोटारडी आहे. खऱ्या माणसाची तक्रारच संपत नाही. ही तर गप्प बसते."

"खोटं बोलणारा माणूस तपशील पुरवतो, मास्तर. खिचडीपासून खिळ्यापर्यंत. ही बाई काहीतरी झाकतेय हे खरं. पण जे झाकतेय ते खोटं आहे असं कुणी सांगितलं?"

बुधवारी ते हॅगथ्वेटला निघाले. वाटेत किर्बी गार्थचं बाजारगाव लागलं. मेंढ्यांच्या लिलावाचं आवार रिकामं होतं. त्याला लागून एका अरुंद दारावर पाटी होती: ‘कवळी दुरुस्त करून मिळेल. फक्त मंगळवारी.’ मास्तरांनी ती मुद्दाम वाचली, कारण आठवडाभर त्यांची वरची कवळी हलत होती. बाईंनी पुढे केलेली टॉफी त्यांनी त्याच कारणानं नाकारली.

"फक्त मंगळवारी," ते कुरकुरले. "आपण नेमके बुधवारी आलो."

हॅगथ्वेटचं घर टेकडीच्या कुशीत होतं. शेजारी दगडी गोठा, पलीकडे कोरड्या दगडांच्या भिंती वर वर चढत गेलेल्या. डोर्कस ऑल्डरसननी दार उघडलं. पन्नाशीची, काळ्या कपड्यांत. भाषा अगदी जपून, शाळेतल्या धड्यासारखी शुद्ध. पाहुण्यांसाठी ठेवणीतले कप काढावेत तशी. मास्तरांच्या ते लगेच लक्षात आलं, कारण त्यांचीही तशीच होती.

"मी पत्रात लिहिलंय तेच खरं आहे," ती म्हणाली. "चहा घ्या."

चुलीपाशी तिचा भाऊ रूबेन बसला होता. खालच्या अंगाला त्याचं वेगळं शेत होतं. त्याने जपून बोलायची तसदी घेतली नाही.

"बाई, माझा बाप म्हणजे लोखंड होता लोखंड. एक्याऐंशी वर्षांचा गडी, आन् तोंडात बत्तीस दात! कुठल्या दाताच्या डाक्तरची पायरी न्हाई चढला. सगळ्या खोऱ्याला ठावं हाय."

मास्तरांना हेवा वाटला.

"आजारी कधी पडले?" बाईंनी विचारलं.

"त्याची छाती आधीपासनंच कमजोर. डाक्तर म्हनला व्हता, ह्याला एकटं सोडायचं न्हाई, भिजू द्यायचं न्हाई. पर पाच तारखेला, गावोगाव शेकोट्या पेटवत्यात त्या राती, चांगला व्हता की. शेकोटीपाशी बसला, गुळाची टॉफी दातानं तोडली. असा कडाका वाजला की पोरं हसली. म्हातारा मातुर तोंडाला रुमाल लावून उठून गेला. थट्टा खपायची न्हाई त्याला."

"आणि तेरा तारखेला तुम्ही इथे होतात?"

"मंगळवार ना? मंगळवारी मी लिलावाला. जन्मात चुकवला न्हाई. पर डोर्कस व्हती. काय गं?"

"होते," डोर्कस म्हणाली. ती चहा गाळत होती. गाळणं कपाच्या बाहेर गेलं.

"ते पत्र कुणी लिहिलं?"

"मी सांगितलं, तिनं लिवलं," रूबेन म्हणाला. "प्रोफेसराचं पत्र मीच मोठ्यांदा वाचलं हितं. म्हनलं, तेरा तारखेला बाई आली व्हती आन् तू बोलली न्हाईस? ही म्हनली, कुणी आलं न्हाई. मग माझं डोस्कं फिरलं. मेलेल्या मानसाच्या नावावर खोटं लिवतात म्हंजे काय?"

"शेवटच्या दिवसांत जेवत होते का?" बाईंनी डोर्कसला विचारलं.

"पेज. दुधात भिजवलेला पाव."

"केव्हापासून?"

"दोन आठवडे. आजारीच होते."

निघताना बाईंनी गोठा बघू का म्हणून विचारलं. आत अंधार, ओला थंड वास. जुनी बैलगाडी, गव्हाण, लोकर कातरायचं बाकडं. छपराची एक फरशी सरकली होती आणि तिथून थेंब थेंब पाणी बाकड्यावर पडत होतं. बाईंनी हात पुढे केला. एक थेंब झेलला, रुमालावर टिपला आणि उमटलेल्या गोल डागाकडे बघत राहिल्या.

फाटकापाशी रूबेननी मास्तरांना विचारलं, "मास्तर कुठले म्हनायचे?"

"शहरातलेच," मास्तर म्हणाले. ते खोटं होतं. ते पुढच्याच खोऱ्यातले होते.

गाडीत बाई म्हणाल्या, "मास्तर, मला हे प्रकरण आवडलेलं नाही. यात चोर नाही. चोर असता तर बरं झालं असतं."

गुरुवारी त्यांनी दोन फोन केले. पहिला अर्ध्या मिनिटाचा होता. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी मास्तरांना बाहेर जायला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी प्रोफेसरांच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. प्रोफेसर, फेनविक, नोरा ब्रेथवेट आणि मास्तर बसले. पाचवीवर डोर्कस ऑल्डरसन होती, पहाटेच्या बसनं आलेली. तिच्या मांडीवर तपकिरी कागदाची छोटी पुडी होती. नोरानं तिला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"मिस ऑल्डरसन स्वतःच्या मर्जीनं आल्यात," मिसेस हॉर्सफॉल म्हणाल्या. "मी त्यांना फोनवर एवढंच सांगितलं, की त्या आल्या नाहीत तर एका निरपराध बाईचं आयुष्य जाईल. मिस्टर फेनविक, तुमचा कान मला उसना हवाय. भिंतीकडे तोंड करा. एक माणूस सहा शब्द वाचेल. जसं ऐकाल तसं लिहा. नंतर तोच माणूस तेच शब्द पुन्हा वाचेल."

फेनविक हसला, पण भिंतीकडे वळून बसला.

बाईंनी मास्तरांपुढे कागद ठेवला. त्यावर वहीतले सहा शब्द होते. मास्तरांनी घसा साफ केला आणि वाचले. खणखणीत, चाळीस वर्षांच्या सवयीनं.

"आता," बाई त्यांच्या कानाशी वाकून अगदी हळू म्हणाल्या, "माझ्यावर उपकार करा. कवळी काढा."

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. प्रोफेसर समोर होते. दोन बायका समोर होत्या. बायकोनंतर कुणासमोर त्यांनी ती काढली नव्हती. त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनी रुमाल तोंडापुढे धरला, कवळी काढून खिशात टाकली आणि कागद उचलला.

पोकळ, ओलसर आवाज आला. शाळामास्तराचा ताठा त्यात राहीना. शब्द हिरड्यांवरून घसरत होते आणि जिथे घसरत होते ती वाट फार जुनी होती. चौथा शब्द भिंतीतल्या त्या भोकाचा होता. तो म्हणताना मास्तरांना आपलाच आवाज अनोळखी वाटला, आणि मग ओळखीचा. त्यांची आई शेवटी शेवटी अशीच बोलायची.

फेनविकची पेन्सिल थांबली होती. तो वळला नाही. "हा दुसरा माणूस आहे," तो म्हणाला. मग त्याने हातातल्या कागदाकडे पुन्हा पाहिलं. "नाही. अरे देवा."

"काय लिहिलंत ते वाचून दाखवा."

"‘स’खाली शेपटी. सगळीकडे. दातांना टेकायचा आवाज दोन्ही ओठांनी." त्याने कागद वहीशेजारी ठेवला. तेरा नोव्हेंबरच्या पानावरच्या खुणा आणि या खुणा एकच होत्या. "पण पहिल्या पानावर लिहिलंय, दात उत्तम."

"तिथेच तुम्ही फसलात," बाई म्हणाल्या. "तुम्ही कानाऐवजी कागदावर विश्वास ठेवलात. दात नसलेला माणूस तुम्ही निवडतच नाही, म्हणून वहीतला माणूस बोळका असू शकतो हे तुमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ज्या खुणांवरून तुम्ही या बाईला खोटारडी ठरवलंत, त्याच तिचा पुरावा आहेत. टेबलाशी बसून रचणाऱ्यानं ऑक्टोबरचा ‘स’च पुढे चालवला असता."

"म्हणजे एनॉसना कवळी होती?" प्रोफेसरांनी विचारलं.

"एक्याऐंशी वर्षांचा मेंढपाळ, दाताच्या डॉक्टरचं तोंड न पाहिलेला, आणि बत्तीस दात जागेवर. निसर्ग इतका उदार नसतो. मुलालाही माहीत नव्हतं, कारण म्हातारा मानी होता. पाच नोव्हेंबरला त्यांनी टॉफी तोडली आणि कडाका वाजला. सगळ्यांना वाटलं टॉफी तुटली. ते मात्र तोंडाला रुमाल लावून उठून गेले. तेव्हापासून दोन आठवडे पेज आणि भिजवलेला पाव. आजारी तर ते पुढच्या आठवड्यात पडले. आता किर्बी गार्थमध्ये कवळी दुरुस्त करणारा फक्त मंगळवारी बसतो. मास्तर, ती पाटी तुम्हीच मोठ्यानं वाचलीत."

मास्तरांनी तोंड मिटून मान हलवली.

"तेरा तारीख मंगळवार होती. म्हाताऱ्यानं स्वतः जाणं शक्य नव्हतं. रूबेनला सांगायचं नव्हतं. उरलं कोण? काल मी त्या दुकानदाराच्या घरी फोन केला. तेरा तारखेला हॅगथ्वेटहून एक बाई आली होती. त्याच दिवशी करून द्या म्हणून दोन तास दारात उभी होती."

डोर्कसनी पुडी घट्ट धरली. "दुसऱ्या दिवशी बुधवार होता," ती म्हणाली. "बाई येणार होती. बाबा म्हणाले, बोळक्या तोंडानं मी तिच्याशी बोलणार न्हाई." शेवटचा शब्द निसटला आणि ती थांबली. "त्यांनी हट्ट धरला. मी चूल पेटवून ठेवली, चादर गुंडाळली, गेले. दुकानदार म्हणाला पुढच्या मंगळवारी या. पुढच्या मंगळवारी त्यांना पुरलं... न्हाई, त्या दिवशी ते गेले. पुरलं शुक्रवारी."



"तुम्ही परतलात तेव्हा काय पाहिलंत?" बाईंनी हळूच विचारलं.

"बूट. चुलीपाशी ओले बूट. आन् ते कुडकुडत व्हते. डाक्तरनं सांगितलं व्हतं एकटं सोडू नका. मी सोडलं. मग रूबेननं ते पत्र वाचलं समोर. बाई आली व्हती म्हटलं की तू कुठं व्हतीस हा सवाल आलाच. मी म्हटलं कुणी आलं न्हाई. एकच वाक्य. मला काय ठावं, त्यावर कुणाची नोकरी हाय."

"ओले बूट," मिसेस हॉर्सफॉल म्हणाल्या आणि नोराकडे वळल्या. "आता तुमची पाळी. की मी सांगू?"

नोरानं मान खाली घातली.

"शेवटची वीस पानं पेन्सिलीनं, कारण ठिबकत्या छपराखाली शाई पसरते. डाग चहाचे नाहीत, गोठ्यातल्या थेंबांचे आहेत. पानं आहेत गाडीची, गव्हाणीची, बाकड्याची. शब्द आपण उच्चारायचा नाही. वस्तूकडे बोट दाखवायचं. घरात बसून गाडीकडे बोट कसं दाखवणार?"

"ते स्वतःच उठले," नोरा म्हणाली. "पण मी थांबवायला हवं होतं. दार उघडलं तेव्हाच कळलं की दात नाहीत. नियमानं तिथूनच परत फिरायचं. ते म्हणाले, पोरगी गेलीय आणायला, कुणाला सांगू नका हं. मी म्हटलं, नाही सांगणार. मग प्रश्न सुरू झाले, आणि असा माणूस मला पाच वर्षांत भेटला नव्हता. गोठ्यात दीड तास होतो आम्ही. पाऊस आत येत होता. ते भिंतीपर्यंतही आले, ते भोक दाखवायला. मी लिहीत राहिले. बोटं बधिर झाली तरी लिहीत राहिले. त्यांच्या बोटांचं काय, हे मनातच आलं नाही." ती थांबली. "ते गेल्याचं कळलं तेव्हा ठरवलं, काढून टाकतायत तर टाकू देत. निदान कशाची तरी शिक्षा होईल."

"दातांचं तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत," बाई म्हणाल्या. "पण वहीत ऐकलं ते लिहिलंत."

"वहीत खोटं कसं लिहू?"

प्रोफेसर उठले. खोकले. "वही खरी आहे. चौदाच्या चौदा वह्या खऱ्या आहेत. मिस ब्रेथवेट, तुमचं पद कायम आहे." ते नकाशापाशी गेले आणि बोट एका टाचणीवर ठेवून थांबले. "पण हॅगथ्वेट... दात नसलेला माणूस आपण धरत नाही. नियम आपणच केलाय. आज मोडला तर उद्या प्रत्येक जण मोडेल."

"काढा," नोरा म्हणाली. "मी दारातूनच परत फिरायला हवं होतं."

टाचणी निघाली. नकाशात बारीकसं भोक राहिलं.

डोर्कस त्याकडे बघत होती. "त्या संध्याकाळी," ती नोराला म्हणाली, शुद्ध भाषेचा विचार न करता, "कुडकुडत व्हता, पर हसत व्हता. म्हनला, ती बाई सबुद सांगत न्हाई गं, नुस्तं बोट दावती. आन् मला समदे ठावं व्हते, पोरी. समदे. आई गेल्यापासनं तसा हसताना म्या त्याला बघितला न्हवता." ती थांबली. "तरी तू त्याला गोठ्यात न्यायला नको व्हतं."

"नको होतं," नोरा म्हणाली.

"आन् म्या जायला नको व्हतं."

तिने बाबांच्या कवळीची पुडी टेबलावर ठेवली, वहीच्या शेजारी, आणि उठली. कुणी ती परत न्यायला सांगितली नाही.

डोर्कसला मास्तरांनीच घरी सोडलं. ती मागच्या सीटवर होती, मिसेस हॉर्सफॉल पुढे. कवळी अजून मास्तरांच्या खिशात होती आणि त्यांना ती बसवावीशी वाटत नव्हती. हॅगथ्वेटच्या वळणावर एक मेंढी आडवी आली म्हणून त्यांनी गाडी थांबवली. रस्त्यालगतच्या दगडी भिंतीत तळाशी एक चौकोनी भोक होतं. त्यातून पाण्याची बारीक धार वाहत होती.

मिसेस हॉर्सफॉलनी काच खाली केली. त्यांनी नुसतं त्या भोकाकडे बोट दाखवलं आणि मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे तो न रडलेला मुलगा आला. पन्नास वर्षांत त्यांनी तो शब्द स्वतःहून कधी तोंडातून काढला नव्हता.

"स्मूट," ते बोळक्या तोंडानं म्हणाले.

मागून डोर्कसचा आवाज आला. "आमच्यातबी तेच म्हनत्यात."

मेंढी बाजूला झाली. मास्तरांनी गाडी पुढे घेतली.